बर्फ काढायच्या मशीनला प्लॅस्टिकची पट्टी लावताना

धाकट्या भावाने ऑटवाहून फोटो पाठवला, त्यात माझी नजर आधी पेव्हर ब्लॉकवर गेली. घरासमोर गाडी लावायच्या जागेत दोन लांब ओरखडे, ब्लॉकच्या कडा उडालेल्या, मध्येच गंजाचे डाग. त्याचं बर्फ काढायचं मशीन दोन्ही बाजूंच्या लोखंडी स्किड शूवर सरकतं आणि तोंडाच्या खालच्या काठाला खरवडणारी लोखंडी पट्टी असते, ती स्क्रेपर बार. घासत होते ते हेच दोन भाग. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात मी कन्व्हेयरच्या प्लॅस्टिक पट्ट्या कापतो. म्हटलं, "थांब, मीच करून पाठवतो."

माल घ्यायचा तो यूएचएमडब्ल्यू पॉलिइथिलिनचा, म्हणजे फार लांब रेणूंच्या, झिजेला टिकणाऱ्या प्लॅस्टिकचा. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं, पीव्हीसी थंडीत तडकतं. यूएचएमडब्ल्यू मात्र शून्याखालीही चिवट राहतं आणि बर्फ त्याला चिकटून बसत नाही. शीट घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. एक तुकडा बादलीत टाका. नायलॉन, पीव्हीसी आणि डेल्रिन नावाचं कडक प्लॅस्टिक तळाला जातात, हे तरंगतं. साधं पॉलिइथिलिन, म्हणजे एचडीपीईसुद्धा तरंगतं, म्हणून कापलेला बारीक तुकडा पकडीत धरून, मोकळ्या हवेत, लायटरवर तापवा. एचडीपीई वितळून थेंब थेंब गळतं. यूएचएमडब्ल्यू काचेसारखं पारदर्शक होतं, मऊ पडतं, पण सहसा गळत नाही. मशीन उन्हातही उभं राहणार असेल तर काळा, उन्हाच्या अतिनील किरणांना टिकणारा माल घ्यावा.

आता भोकांबद्दल, कारण माझा पट्ट्यांचा पहिला संच इथेच फसला. जुन्या पट्टीवर ठेवून मी गोल भोकं पाडली, बोल्टच्या मापाची, अगदी नेटकी. गाळ्यात जुन्या पट्टीशी तंतोतंत जुळली. जानेवारीत भावाचा फोन आला, "दादा, एका टोकाचा बोल्ट बसला की दुसऱ्या टोकाचा जातच नाही." ठाण्यात तेव्हा तीस अंश, त्याच्या गॅरेजमध्ये उणे वीस. पन्नास अंशांच्या फरकाला टोकाच्या दोन भोकांमधलं ५४० मिलिमीटरचं अंतर चार-पाच मिलिमीटरनी आकसतं. तेवढंच लोखंड अर्धा मिलिमीटरही आकसत नाही. म्हणून मधलं एकच भोक गोल ठेवा, बाकीची पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट करा, दोन्हीकडे तीन-तीन मिलिमीटर जागा सोडून. दुसरा संच मी तसाच केला आणि तो बसला.

कापायला लाकडाचं कार्बाइड दातांचं पातं चालतं. ड्रिल बिट धारदार हवी, फेरे कमी. बिट बोथट असली की भुसा न निघता माल वितळून तिच्याभोवती गुंडाळतो. लांबट भोकासाठी दोन भोकं शेजारी पाडून मधला भाग कानसीने काढा. जमिनीकडच्या बाजूला बोल्टचं डोकं पट्टीच्या आत बुडेल एवढा खड्डा हवा, नाहीतर पट्टी झिजल्यावर तेच डोकं ब्लॉक खरवडेल. स्किड शूची पुढची-मागची टोकं होडीसारखी वर उचला, म्हणजे ब्लॉकच्या सांध्यात अडकत नाहीत. दोन्ही कडा सारख्या ठेवल्या तर एक झिजल्यावर पट्टी उलटी लावता येते. बोल्टच्या डोक्याच्या तीन मिलिमीटर बाहेर करवतीने एक बारीक खूण करा. झीज तिथवर आली की पट्टी बदला.

बसवताना मशीन बंद आणि स्पार्क प्लगची वायर काढलेली, यात तडजोड नको. स्क्रेपर बारखाली तीन मिलिमीटरचा पुठ्ठा सरकवा, मशीन सपाट जागी ठेवा, दोन्ही शू जमिनीला टेकवून बोल्ट आवळा. खडीच्या रस्त्यावर मात्र इंच-सव्वा इंच उचलून ठेवा, नाहीतर खडी आत जाऊन बाहेर फेकली जाईल. बोल्टला मोठा वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा नट. प्रमाणाबाहेर आवळू नका, दाबाखाली हे प्लॅस्टिक हळूहळू दबत जातं. पहिल्या दोन वापरांनंतर पुन्हा एकदा पाना फिरवा. प्लॅस्टिकची पट्टी लोखंडीपेक्षा जाड असते, म्हणून आतलं ऑगर, म्हणजे बर्फ ओढणारा मळसूत्री दांडा, हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कुठे घासत नाही ना, हे बघा.

कडक झालेल्या बर्फावर ही पट्टी हरते. पातळ थर मागे राहतो, त्याला मीठ किंवा वाळू लागते. ब्लॉक वाचवायचे असतील तर तो थर सोसावा, असं माझं ठाम मत आहे. भावाला ते पटायला एक हिवाळा लागला.

उरलेल्या तुकड्यांतून मी आमच्या ढोकाळीच्या सोसायटीतल्या खोऱ्याला अशीच पट्टी लावली. पावसाळ्यात गेटपाशी साचणारा गाळ आमचा वॉचमन आता तिनेच ओढतो. लांबट भोकं तिला मी पाडली नाहीत. इथे पारा एवढा खाली जात नाही.