बेटाडिन, खळ आणि गिझर

भाची अकरावी सायन्सला आहे, परवा डेक्कनवरच्या क्लासवरून आली आणि विचारते, मामा, छोटा रेणू मोठ्याला बाइंड होतो म्हणजे फेविकॉलसारखा चिकटतो का? म्हटलं नाही गं बाई, चल किचनमध्ये. तुम्हीपण करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

पाव चमचा कॉर्नफ्लॉवर थंड पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात, आणि कपभर उकळत्या पाण्यात ओतून पातळ खळ करा. उकळी हवीच, दाणे फुटून आतलं अमायलोज, म्हणजे स्टार्चचा एक भाग, सुटलं पाहिजे. मग गार होऊ द्या. आम्ही घाई केली, गरम खळीत रंगच येईना आणि मी बाटलीची एक्स्पायरी बघत बसलो! गार झाली की दोन चमचे खळ ग्लासभर पाण्यात ढवळा, मेडिकलमधलं बेटाडिन टाका थेंब थेंब, सोल्यूशन हं, मलम नको. पाणी निळं-काळं होतं.

होतं काय, तर अमायलोज म्हणजे ग्लुकोजची लांब साखळी, स्प्रिंगसारखी पिळलेली, एका वेढ्यात साधारण 6 ग्लुकोज, आणि त्या पोकळीत बेटाडिनमधलं आयोडीन रांगेत जाऊन बसतं. गोंद-बिंद काही नाही, नुसती मापात बसलेली जागा आणि हलकी ओढ. गंमत म्हणजे बेटाडिनमध्येपण आयोडीन पॉविडोन नावाच्या लांब रेणूने धरून ठेवलेलं असतं, त्यातलं थोडं कायम सुटं असतं, ते स्टार्च पकडतं की पॉविडोन अजून थोडं सोडतं.

आता तीन ग्लास करा. एक तसाच ठेवा. दुसरा साध्या पाण्याच्या पातेल्यात उभा करून पाण्यासकट तापवा म्हणजे काच तडकणार नाही, रंग फिका पडत जातो, गार झाला की परत निळा. फार वेळ उकळू नका, आयोडीन उडून जातं. तिसऱ्यात लिंबू पिळा. रंग गेला, आणि कितीही थांबा, परत येत नाही, कारण इथे व्हिटॅमिन सीने आयोडीनचं आयोडाइड केलं, स्प्रिंग शाबूत आहे पण बसणारा पाहुणाच बदलला. पटत नसेल तर बेटाडिन टाकत राहा, लिंबाचा जोर संपला की निळा येतोच. पिऊ नका आणि ओट्यावर सांडू नका, आई ओरडते.

भाची म्हणाली, मग शरीरात? म्हटलं गॅस गिझर घे. बंद बाथरूममध्ये तो नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड होतो आणि हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिजनच्याच जागेवर बसतो, पकड 200 पटीहून जास्त. पण तीही सुटते, म्हणून तर पेशंटला भरपूर ऑक्सिजन देतात, गर्दी करून त्याला उठवायला.

ती ग्लास तसेच टाकून आमच्या बाथरूमची जाळी बघायला गेली. थंडी येते म्हणून मीच डिसेंबरात पेपर लावला होता, तो मात्र फेविकॉलने, सुरीने खरवडावा लागला.