बिल थकलं म्हणून पेशंट अडकवता येत नाही

नाशिकला सीबीएस बस स्टँडजवळ कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. अधूनमधून कुणीतरी बिलांची चळत घेऊन येतंच: "ताई, पेशंट सोडत नाहीयेत." २०२३ मध्ये मीच तशी उभी होते. द्वारका चौकात दिरांची बाइक घसरली, खासगी दवाखान्यात चार दिवस, बिल १,८६,०००. आम्ही भरले १,१०,०००. काउंटरवरच्या पोराने डिस्चार्ज कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं आणि किल्ली फिरवली.

गॅरेजवाला दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घेतो, तो त्याचा धारणाधिकार. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७० आहे. पण तो वस्तूवर. पेशंट ही वस्तू नाही. मृतदेहही पैशांसाठी अडवायचा नाही, हे राज्याच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ पासून स्पष्ट लिहिलंय. बाकी खरी असेल तर दवाखान्याने दिवाणी दावा लावावा.

तेव्हा आवाज चढवू नका. आधी बाबवार बिल मागा आणि भिंतीवरच्या दरपत्रकाशी ताडून बघा. मग साध्या कागदावर अर्ज, दोन प्रतींत: "रुग्णास दि. … रोजी डॉक्टरांनी डिस्चार्ज दिला आहे. रु. … भरले आहेत. उरलेल्या बिलातील … या बाबींस हरकत असून मान्य रक्कम हप्त्याने देऊ. बाकीपोटी रुग्णास थांबवले असल्यास कारण लेखी द्यावे."

सगळी जादू शेवटच्या वाक्यात. ते कारण लिहून द्यायला कुणी धजत नाही. आमच्या वेळी पोरगा अर्ज घेऊन आत गेला, वीस मिनिटांनी मॅनेजर स्वतः किल्ली घेऊन आला. एका प्रतीवर पोच घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज ईमेल करा.

तरीही अडवलं तर ११२. माणूस कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे. शहरातल्या खासगी दवाखान्यांची नोंदणी महापालिकेकडे असते, म्हणून तक्रारीची प्रत राजीव गांधी भवनात, म्हणजे नाशिक महापालिकेच्या मुख्यालयात, वैद्यकीय विभागाला द्या.

कोरा चेक मात्र देऊ नका, कितीही गोड बोलले तरी. तो बाउन्स झाला की चेकच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ लागतं आणि साध्या उधारीची फौजदारी केस होते. माझ्या टेबलावर रडलेली बहुतेक माणसं इथेच फसलेली.

दवाखाना ट्रस्टचा असेल तर पहिल्याच दिवशी रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पुढे करा. वर्षाला १,८०,००० पर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी १० टक्के खाटा मोफत, ३,६०,००० पर्यंतच्यांना आणखी १० टक्के सवलतीत. रस्ता अपघात असेल तर २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: सात दिवस, दीड लाखापर्यंत. दिरांच्या वेळी ती नव्हती.

आम्ही उरलेले पैसे पाच हप्त्यांत फेडले. शेवटच्या पावतीवर "बाकी निरंक" लिहून घ्यायला विसरू नका.