ट्रिप्टेज ९ आलं आणि मी ‘नॉर्मल’ म्हणाले

लॅबमध्ये नव्याने लागलेल्या रेसिडेंट्ससाठी लिहितेय. आयजीई (अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी), मास्ट सेल (अ‍ॅलर्जीत रसायनं सोडणाऱ्या पेशी) वगैरे तुम्हाला येतंच. ट्रिप्टेज हे या मास्ट सेलमधून रक्तात येणारं एन्झाइम.

भूल दिल्यावर काही मिनिटांत बीपी कोसळलेल्या एका बाईंचं सॅम्पल माझ्याकडे आलं. भुलीची औषधं आणि सेफाझोलिन हे अँटिबायोटिक लागोपाठ दिलेलं. ट्रिप्टेज ९, रिपोर्टवर छापलेली वरची मर्यादा ११.४. मी फोनवर सांगून टाकलं, ‘नॉर्मल आहे, अ‍ॅलर्जी नसावी.’ ते वाक्य अजून टोचतं.

११.४ ही सगळ्यांसाठी काढलेली मर्यादा. त्या बाईंचं स्वतःचं ट्रिप्टेज एरवी किती असतं, हे मी विचारलंच नाही. सूत्र पाठच करा: बेसलाइन, म्हणजे हा एरवीचा आकडा, गुणिले १.२, अधिक २. त्रासाच्या वेळचा आकडा तेवढा किंवा जास्त असेल तर मास्ट सेल सक्रिय झाल्यात. बाईंची बेसलाइन नंतर ३ आली. म्हणजे ३.६ अधिक २, ५.६. आणि माझ्यासमोर ९ होते! उलट कुणाची बेसलाइनच १२ असेल, तर १४ हा आकडा मर्यादेबाहेर दिसेल, पण १६.४ पर्यंत पोचत नाही, म्हणून तो पुरावा नाही.

पहिलं सॅम्पल त्रास सुरू झाल्यावर अर्ध्या ते दोन तासांत, फार तर चार. बेसलाइनचं, त्रास पूर्ण थांबल्यावर किमान २४ तासांनी. ट्यूबवर वेळ नसेल तर वॉर्डला फोन करा, अंदाज बांधू नका. आणि आकडा सूत्रात बसला नाही, तरी ‘अ‍ॅलर्जी नाही’ असं कधीही लिहू नका.

घाबरू मात्र नका, हे दोन-चार केसेसमध्ये अंगवळणी पडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर नोट्स पाठवणाऱ्या सिनियरपेक्षा, वॉर्डला फोन लावायला लावणारा सिनियर धरा.

बाकीच्या टेस्ट थोडक्यात. पेनिसिलिनचं स्पेसिफिक आयजीई काळानुसार ओसरतं, त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टवर औषध सुरक्षित ठरत नाही. बेसोफिल अ‍ॅक्टिव्हेशनला (रक्तातल्या बेसोफिल पेशी औषधाने सक्रिय होतात का, ते पाहणारी टेस्ट) ताजं रक्त लागतं, आणि काहींचे बेसोफिल प्रतिसादच देत नाहीत. औषधाच्या अ‍ॅलर्जीसाठी टोटल आयजीई आणि धूळ-परागांचं पॅकेज लिहून देणं मला पेशंटच्या पैशांची नासाडी वाटते.

त्या बाईंची बेसलाइन मागितली ती भूलतज्ज्ञ मॅडमनी. सहा आठवड्यांनी केलेल्या स्किन टेस्टमध्ये सेफाझोलिन पॉझिटिव्ह निघालं. बाईंच्या पुढच्या ऑपरेशनच्या कागदांवर तेच इंजेक्शन आधीच लिहून ठेवलेलं होतं.