लिंगाला बाक आलाय? आधी फोटो, मग डॉक्टर

माझ्या दवाखान्याच्या पाटीवर 'मूतखडा' मोठ्या अक्षरांत लिहिलंय, कारण जळगाव-धुळ्याकडे माझे बहुतेक पेशंट त्याचेच. त्यामुळे बाकाचा पेशंटही बाहेर काउंटरवर मूतखडाच सांगतो. आत आला की दोनदा दाराकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "साहेब, ते वाकडं व्हई गयं." तोवर वर्ष गेलेलं असतं. एसटी स्टँडच्या भिंतींवर नंबर रंगवून लॉजवर बसणाऱ्यांना पैसे देऊन झालेले असतात. केळीचा विनोद मला ऐकवू नका, या जिल्ह्यात तो सगळ्यांना सुचतो.

बाक कुठला, ते ठरवा

वयात आल्यापासून तसाच असेल तर जन्मजात. तो बहुधा खालच्या बाजूला असतो, हाताला गाठ लागत नाही, दुखत नाही. थोडाफार बाक कित्येकांना असतोच. लग्न ठरल्यावर घाबरून येणारी बरीच पोरं मी तपासून तशीच घरी पाठवतो. संबंधाला खरोखर अडचण येत असेल तर ऑपरेशन, दुसरा उपाय नाही. लहान बाळाला बाकासोबत लघवीचं छिद्र खालच्या बाजूला असेल तर मुलांच्या सर्जनला लवकर दाखवा आणि त्याआधी सुंता करू नका. ती कातडी दुरुस्तीला लागते.

चाळिशी-पन्नाशीनंतर नव्याने बाक आला, ताठरतेत दुखतं, आत कडक गाठ लागते, तर तो पेरोनीचा आजार. फ्रान्सच्या पंधराव्या लुईचा सर्जन पेरोनी याने १७४३ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. लिंगाच्या आत रक्ताने भरणाऱ्या नळ्यांवर एक चिवट पांढरं आवरण असतं. त्याला बारीकसारीक इजा होऊन, बहुधा संबंधाच्या वेळी, तिथे वण धरतो. सायकलच्या ट्यूबला पंक्चरचं जाड ठिगळ लावून हवा भरा. बाकीची ट्यूब फुगते, ठिगळाची बाजू ताणत नाही आणि ट्यूब त्या बाजूला वळते. इथेही तेच होतं. हा कॅन्सर नाही, बायकोला लागत नाही आणि हस्तमैथुनाच्या जुन्या सवयीने होत नाही. जाता जाता रक्तातली साखर तपासून घ्या. तळहातावर गाठी येऊन बोटं आत वळायला लागली असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, दोन्ही आजार कधीकधी एकाच माणसात सापडतात.

संबंधाच्या वेळी टक्कन आवाज होऊन लिंग लगेच सैल पडलं, सुजलं आणि काळंनिळं झालं तर हा लेख बंद करा आणि त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात जा. पुस्तकात 'वांग्यासारखं' लिहितात. आपलं भरताचं वांगं हिरवं असतं, म्हणून मी 'जांभळासारखं' सांगतो.

फोटो

सगळं अडतं ते इथे. शिथिल लिंगात बाक दिसत नाही. तपासणीच्या टेबलावर मला गाठ लागते, बाक कळत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी पेशंटच्या हातवाऱ्यांवर विसंबायचो. एका आप्पांनी पंजा काटकोनात वाकवून दाखवला. मी ऑपरेशनची तारीख देऊन टाकली. टेबलावर सलाइन भरून ताठरता आणली तर बाक जेमतेम २५ अंश. एवढ्यासाठी टाके घालण्यात अर्थ नव्हता. बाहेर येऊन आप्पांना काय सांगावं ते सुचेना. चूक सर्वस्वी माझी होती. याच्या उलटही झालंय. लाजेपोटी "थोडंसंच" म्हणणाऱ्या एका मास्तरांचा बाक ७० अंश निघाला. तेव्हापासून फोटो नसेल तर मी उपचारांचं बोलतच नाही.

फोटो काढण्यातही गोम आहे. बहुतेक जण उभं राहून वरून खाली फोटो काढतात. पेरोनीत सगळ्यात जास्त आढळणारा बाक वरच्या बाजूला, पोटाकडे वळलेला असतो आणि वरून काढलेल्या फोटोत तो सरळ दिसतो! म्हणून फोन स्टुलावर, लिंगाच्या उंचीला ठेवा, टायमर लावा आणि अगदी बाजूने एक फोटो काढा. दुसरा वरून, डावी-उजवीकडचा बाक कळायला. पूर्ण ताठरता हवी, अर्धवट ताठरतेत बाक खोटा दिसतो. पूर्ण येतच नसेल तर तेही सांगा, कारण उपचारांची दिशाच त्यावर ठरते. अंश मोजायला मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन बसू नका, ते माझं काम.

चेहरा, भिंतीवरचं कॅलेंडर, ओळखू येणारी चादर, काही नको. फोटो आपोआप गुगलवर चढणं आधी बंद करा. एकाचे फोटो थेट पोराच्या लॅपटॉपवर उघडले, कारण घरात जीमेल एकच. व्हॉट्सॲपवर मला पाठवू नका, डॉक्टरांसमोर स्वतःच्या फोनवर दाखवा. लाज वाटेल. मला वाटत नाही.

आणि एकदा काढून भागत नाही. दर दोन महिन्यांनी त्याच अंतरावरून, त्याच उंचीवरून पुन्हा काढा. आजाराचा पहिला टप्पा सहा महिने ते दीड वर्ष चालतो, तेवढ्यात दुखतं आणि बाक बदलत राहतो. दुखणं बहुतेकांचं आपोआप जातं, बाक आपोआप सरळ होणारे थोडे. दुखणं थांबून निदान ३ महिने बाक जसाच्या तसा राहिला की मगच ऑपरेशनचं बोलायचं. त्याआधी कापलं तर वण पुढे सरकतो आणि सरळ केलेलं पुन्हा वाकतं. 'कधीपासून बदललं नाही?' याला पेशंट कधीच नीट उत्तर देत नाहीत, फोटो देतात.

तोवर

दुखण्यावर गोळ्या. ओढ देणारं उपकरण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोज, चिकाटीने. हाताने जोर लावून सरळ करू नका, नवी इजा होते. व्हिटॅमिन ई लिहून देणारे अजून आहेत. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनने २०१५ सालीच ते देऊ नका म्हणून सांगितलंय. सांडा नावाच्या सरड्याच्या चरबीचं तेल विकतात, त्याने सरडा मरतो, एवढाच परिणाम.

बाक थांबल्यावर

गाठीत द्यायचं, वण सैल करणारं कोलॅजिनेज हे इंजेक्शन अमेरिकेत २०१३ साली मंजूर झालं, ३० अंश आणि त्यापुढच्या बाकासाठी. चाचण्यांत सरासरी १७ अंश बाक उतरला. औषध नसलेलं इंजेक्शन दिलेल्यांचा ९ अंश. अपेक्षा तेवढीच ठेवा.

ऑपरेशनआधी डॉक्टर इंजेक्शनने ताठरता आणून बाक मोजतात, ते टाळू देऊ नका. ताठरता चांगली आणि बाक ६० अंशांच्या आत असेल तर विरुद्ध बाजूला टाके घालून सरळ करतात. लांबी थोडी कमी होतेच, हे आधी बायकोलाही सांगा. नंतर कळलं तर भांडण माझ्या केबिनमध्ये होतं. बाक जास्त असेल किंवा मध्येच डमरूसारखी कंबर पडली असेल तर वण छेदून तिथे ग्राफ्ट, म्हणजे ठिगळ, लावतात. त्यात नंतर ताठरता मंदावण्याचा धोका जास्त. गोळ्या घेऊनही ताठरता येत नसेल तर ग्राफ्ट नाही, इम्प्लांट, म्हणजे ताठरता देणारं आत बसवलेलं कृत्रिम साधन.

ऑपरेशननंतर सहा आठवडे संबंध बंद. पहाटेच्या ताठरतेने टाके ओढले जातील, दुखेल, घाबरू नका. आणि जुने फोटो लगेच डिलीट करू नका, सहा महिन्यांनी तुलनेला मी तेच मागणार आहे.