टॅकल करताना डोकं कुठे ठेवायचं?

"घाबरू नकोस, जोरात घूस!" नवख्या रग्बी खेळाडूला टॅकलबद्दल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडण्याबद्दल, दिला जाणारा हा सगळ्यात वाईट सल्ला. टॅकलमध्ये डोक्याला मार बसतो तो जास्त करून टॅकल करणाऱ्यालाच, आणि डोकं भलत्या जागी नेणारा खेळाडू जितका जोर लावेल तितका त्यालाच लागतं.

माउथगार्ड घाला, अंग गरम करा. स्क्रम कॅप (डोक्यावरची मऊ, गादीदार टोपी) हवी तर घाला, पण ती कान आणि कातडी वाचवते. मेंदूला बसणारा हिसका ती थांबवत नाही.

चेंडू घेऊन येणाऱ्याच्या दिशेने वेगात जा आणि शेवटच्या दोन-तीन पावलांत पावलं आखूड करा. गुडघ्यांत आणि खुब्यांत वाका, पाठीचा कुबड काढू नका. खांद्यांच्या रेषेच्या वर टॅकल नियमात बसतच नाही. फ्रान्सने हौशी खेळात 2019 पासून ती मर्यादा कमरेपर्यंत खाली आणली आणि इंग्लंडने 2023 पासून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. ताठ उभं राहून टॅकल केलं की डोक्याला डोकं आपटतं, एवढं कारण त्यासाठी पुरेसं आहे.

आता डोकं. मला सगळ्यात उशिरा जमलं ते हेच. समोरचा तुमच्या उजव्या बाजूने निघाला तर उजवा खांदा लावायचा, म्हणजे डोकं त्याच्या मागच्या बाजूला राहतं, गाल त्याच्या कुल्ल्याला टेकलेला. तिथे डावा खांदा लावलात तर डोकं त्याच्या वाटेत आडवं जातं आणि त्याचा गुडघा किंवा खुबा थेट कानशिलावर येतो. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरी चुकतं, कारण प्रत्येकाचा एक लाडका खांदा असतो आणि घाईत तोच पुढे येतो.

यावर उपाय पायात आहे. जो खांदा लावणार त्याच बाजूचं पाऊल समोरच्याच्या अगदी जवळ रोवा. पाऊल दूर पडलं की हात लांबवावे लागतात, नजर जमिनीकडे जाते, मान वाकते आणि टाळू पुढे येते. मानेच्या गंभीर दुखापतींची ही वाट आहे. हनुवटी वर, डोळे उघडे, नजर त्याच्या कमरेवर.

नावडत्या खांद्याचा सराव दुप्पट करा. आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग हळू धावत, आणि खऱ्या जोडीदारासोबत. टॅकल बॅगेवर, म्हणजे सरावाच्या भरलेल्या पिशवीवर, तासन्‌तास आपटून हे येत नाही. बॅगेला गुडघे नसतात आणि ती ऐन वेळी बाजूही बदलत नाही. खेळाडू बदलतो. पाऊल हलवायला वेळ उरला नसेल तर डोकं मध्ये घालू नका. त्याला जाऊ द्या, मागून धरा. चार पावलं गेली तर बिघडलं नाही.

खांदा लागताच दोन्ही हात आवळा. हात न आवळता नुसता खांदा मारणं नियमबाह्य आहे. पाय चालू ठेवा. उचलून डोक्यावर आपटायचं नाही. खाली पडल्यावर सोडा आणि उठा.

डोक्याला लागल्यावर कोणी अडखळला, गोंधळला किंवा त्याला मळमळू लागलं तर तो लगेच बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. "ठीक आहेस ना?" असं त्याला विचारून निर्णय घेऊ नका, तो "हो"च म्हणणार. मान दुखते म्हणाला तर वैद्यकीय मदत येईपर्यंत त्याला हलवू नका, घातलेली स्क्रम कॅपही काढू नका.