ऑफिस असिस्टंट टिकत नाही? मालक लोकहो, या चुका टाळा

"एक चांगली मुलगी बघा ना, कम्प्युटर येणारी." भोसरी-चाकणकडच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांची जीएसटीची कामं मी करतो. हा फोन महिन्यातून दोनदा तरी येतोच. मुलगी बघा म्हणे! लग्न ठरवायचंय का? हवी असते टॅलीतले हिशेब, मालवाहतुकीचं ई-वे बिल, पीएफचं चलान, बँक, कुरिअर आणि शेठच्या साडूचं रेल्वे रिझर्वेशन असं सगळं बघणारी. पगार? "पंधरा देऊ. शिकेल की हळूहळू."

शिकते. शिकली की जाते.

माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे अख्खं ऑफिस एका माणसाच्या डोक्यात आणि मोबाइलमध्ये ठेवणं. एका वर्कशॉपात सहा वर्षं एक बाई होत्या. "मला ओटीपीची कटकट नको," म्हणून मालकांनी जीएसटी पोर्टलवर नंबर त्यांचाच दिलेला. बाईंनी दोन हजारांची वाढ मागितली. "दिवाळीनंतर बघू." अशा तीन दिवाळ्या गेल्या. बाई रीतसर महिनाभराची नोटीस देऊन, पेढे वाटून गेल्या. त्या महिनाभरात मालकांनी त्यांना एक प्रश्न विचारला नाही.

20 तारीख. जीएसटीचं महिन्याचं 3बी रिटर्न भरायची शेवटची. मी लॅपटॉप उघडून बसलो, ओटीपी गेला बाईंच्या फोनवर. बाई नव्या ऑफिसात मीटिंगमध्ये. ओटीपी बाद झाला, मालकांच्या येरझाऱ्या सुरू. दीड वाजता जेवणाच्या सुट्टीत बाईंनी स्वतःहून फोन केला. नवा ओटीपी पाठवला, त्यांनी सहा आकडे वाचून दाखवले. वर म्हणाल्या, "सर, ई-वे बिलाचा पासवर्ड ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. आणि ट्रान्सपोर्टवाल्याला चारच्या आत फोन करा, नंतर तो उचलत नाही."

मालक ड्रॉवर उपसत बसले. ट्रान्सपोर्टवाल्याचं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तेव्हापासून मी प्रत्येक क्लायंटला एक साधा फोन आणि फर्मच्या नावाचं सिम घ्यायला लावतो. शिवाय एक दोनशे पानी वही. कुठल्या तारखेला काय, कोणाला कधी फोन करायचा, सगळं हाताने लिहायचं. एक्सेलमध्ये ठेवलं की कोणी उघडत नाही.

दुसरी चूक निवडतानाची. एमएस-सीआयटी आणि 40च्या टायपिंगचं सर्टिफिकेट बघून लगेच घेऊ नका. बोटं चालतात एवढंच त्यातून कळतं. मी सुरतच्या गिऱ्हाईकाचं एक बिल टाइप करायला देतो. जीएसटी नंबर 24ने सुरू होणारा, आणि खाली मुद्दाम सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यातल्या विक्रीचा कर, लावलेला. बहुतेक जण सुबक टाइप करून देतात. तीन महिन्यांचा टॅलीचा कोर्स करून "अकाउंट्स येतं" म्हणणारे तर हमखास. "सर, हे गुजरातचं आहे ना, मग आयजीएसटी नको का?" असं विचारणारी विसात एखादी. तिला पंधरा हजार सांगू नका, ती हसेल.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. गिऱ्हाईकासमोर झापणं. पाहुणे आले की तिलाच चहा सांगणं. ग्रॅच्युइटी द्यावी लागेल म्हणून पाच वर्षं भरायच्या आत "ब्रेक" देणं. असं करणाऱ्यांनी मला तरी फोन करू नये. आणि "तू तर आपल्या घरातलीच" हे वाक्य. घरातलीला रविवारी सकाळी फोन करून सिलिंडर नोंदवायला सांगतात, म्हणून ती सोमवारी दुसरीकडे इंटरव्ह्यूला जाते.