सुट्टीतली घरची प्रार्थना: लहान मुलांच्या आईसाठी सहा आठवड्यांची आखणी

शाळा बंद झाली की पहिल्याच आठवड्यात ख्रिस्ती कुटुंबांतल्या घरच्या प्रार्थनेची घडी विसकटते. मुलं उशिरा उठतात, रात्री दहापर्यंत अंगणात नाहीतर गच्चीवर खेळतात. आई प्रार्थनेला हाक मारते तेव्हा धाकटं पेंगत असतं आणि मोठं डाव अर्धा सोडावा लागला म्हणून फुरंगटलेलं असतं. अशा वेळी आवाज चढवून काही साधत नाही. प्रार्थना दहा मिनिटांची करा, ती जेवणाच्या आधी घ्या आणि त्या आठवड्याच्या बायबलमधल्या वचनाशी हाताने करायचं एखादं काम जोडा. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना एवढं पुरतं, आणि याहून जास्त त्यांच्याकडून मागूही नये.

आधी ऊन, मग वेळापत्रक

नगर, सोलापूर, मराठवाडा, विदर्भ इथल्या मे महिन्यात दुपारी बारा ते चार मुलांना घराबाहेर सोडायचं नाही, हे धरूनच दिवस आखावा. बाहेरचा खेळ, दुकान, भाजी हे सगळं सकाळी साडेनऊच्या आत उरका. साडेअकराला जेवण, मग पडदे ओढून फरशीवर चटई. झोप आली नाही तरी दीड तास आडवं पडायचं, चित्रांचं पुस्तक चाललं तर चालेल. दुपारची ही विश्रांती चुकली की संध्याकाळची प्रार्थना हमखास रडारडीत जाते.

तहान लागली म्हणेपर्यंत थांबू नका, खेळ चालू असतानाच मध्ये मध्ये पाणी पाजा. सहा तासांत लघवी झाली नाही, जीभ कोरडी पडली किंवा मूल मलूल झालं, तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात (मोठं पाकीट असेल तर 1 लिटर) कालवून घोट घोट द्या आणि दवाखाना गाठा. पाकीट हाताशी नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट 6 चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. मिठाचा अंदाज डोळ्यांनी करू नका. जास्त मीठ लहान मुलाला अपाय करतं.

दहा मिनिटं कशी वापरायची

वेळ संध्याकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान, स्वयंपाक झाल्यावर आणि ताटं वाढण्याआधी. पोट भरलं की डोळे मिटतात, म्हणून जेवणानंतरची वेळ नको. सतरंजी रोज त्याच जागी टाका. टीव्हीचा नुसता आवाज कमी करून भागत नाही, तो बंदच करा. पवित्र शास्त्र (बायबल) छापील घ्या. मोबाइलवर वाचताना मध्येच निरोप येतो आणि सगळ्यांचे डोळे तिकडे वळतात.

सुरुवात गीताने करा, पण सगळी कडवी नकोत. धृपद आणि एक कडवं, दोन मिनिटांत आटोपतं. टाळ किंवा खंजिरी धाकट्याच्या हातात द्या, त्याचं लक्ष तिथंच राहतं. मुलं दोन असतील आणि खंजिरी एकच, तर वार वाटून द्या, नाहीतर प्रार्थनेची सुरुवात भांडणाने होते.

मग वाचन, चार ते आठ वचनं. आपल्या शास्त्राची मराठी लहानग्यांना जड जाते. म्हणून आधी गोष्ट स्वतःच्या शब्दांत पाच-सहा वाक्यांत सांगा, मगच वाचा. वाचता येणाऱ्या मुलाला त्यातली दोन वचनं दुपारीच पेन्सिलीने खूण करून द्या आणि अवघड नावं एकदा म्हणवून घ्या. सगळ्यांसमोर अडखळलेलं मूल दुसऱ्या दिवशी वाचायला नाही म्हणतं.

वाचनानंतर एकच प्रश्न. त्याचं उत्तर गोष्टीतच सापडलं पाहिजे. बायबलमधल्या रूथची आणि तिची सासू नामीची गोष्ट घेतली असेल, तर “रूथ नामीसोबत कुठल्या गावी आली?” हा चांगला प्रश्न. “यातून आपण काय शिकलो?” विचारलंत तर रोज “चांगलं वागायचं” हेच ऐकायला मिळेल, आणि गोष्ट ऐकली की नाही हे कळणारच नाही.

पुढे प्रत्येकाने एक वाक्य उपकाराचं आणि एक मागणीचं म्हणायचं. मोठ्यांनीही तेवढंच. आजोबांना दीर्घ प्रार्थना करायची सवय असेल तर त्यांना आदल्या दिवशी बाजूला विचारा: “बाबा, मुलं आहेत तोवर थोडक्यात कराल का? ती झोपली की आपण सावकाश बसू.” बहुतेक आजोबा आनंदाने तयार होतात. शेवटी प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) सगळ्यांनी मिळून, सावकाश. तीन वर्षांचं मूल रोज मागोमाग म्हणत राहिलं तर सुट्टी संपेपर्यंत तिचा बराच भाग त्याच्या तोंडी बसतो, वेगळी घोकंपट्टी लागत नाही.

एक चूक फार घरांत होते. दिवसभरात मुलाचं काही चुकलेलं असतं आणि आई प्रार्थनेत म्हणते, “प्रभू, हिला खोटं न बोलण्याची बुद्धी दे.” मुलीला कळतं की हे बोलणं देवाशी नाही, आपल्यालाच आहे. तिथून ती मोठ्याने प्रार्थना करणं सोडते. चुकीबद्दल जे बोलायचं ते दुपारी, दोघींनीच बसून बोलावं. प्रार्थनेच्या सतरंजीवर कुणाचा हिशेब काढू नये.

एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका.

कॅथोलिक घरांत मे हा माता मरियेचा महिना, तेव्हा संध्याकाळी रोझरी (जपमाळेवरची प्रार्थना, तिचे पाच भाग म्हणजे पाच रहस्यं) असतेच. पाच वर्षांखालच्या मुलांना पाचही रहस्यं बसवून ठेवण्यापेक्षा एक रहस्य पूर्ण म्हणायला लावा आणि मग उठू द्या. मोठ्यांची रोझरी पुढे चालू राहू द्या.

सहा आठवडे, सहा वचनं

बायबलमधल्या स्तोत्र 23 मध्ये सहा वचनं आहेत आणि सुट्टीही साधारण तेवढ्याच आठवड्यांची, म्हणून पाठांतराला हेच घ्या. रविवारी संध्याकाळी नवं वचन, मग शनिवारपर्यंत तेच, आधीच्यांसह. हातवारे ठरवून घ्या आणि ते बदलू नका. चौथं वचन लांब आहे, त्या आठवड्यात दोन तुकडे करा. त्यात मेंढपाळाची आकडी आणि काठी येते. चिंचा-आंबे पाडायची आकडी घरात असेल तर ती मुलाच्या हातात द्या, नाहीतर गावाकडे धनगराचा कळप दिसला की थांबून दाखवा. पाचव्या वचनातला भरून वाहणारा प्याला ताटलीत ठेवून खरोखर भरू द्या. सांडलेलं पाणी तुळशीला नाहीतर मोगऱ्याला घाला, वाया जात नाही.

रूथ आणि सातूचं पीठ

रूथच्या पुस्तकाचे अध्याय चारच आहेत आणि गोष्टीचा बराच भाग सातूच्या, म्हणजे जवाच्या, कापणीच्या दिवसांत घडतो. आठवड्याला एक अध्याय घेतला तर महिना पुरतो. रोज नवं वाचू नका. एका अध्यायाचे तीन तुकडे करा आणि उरलेल्या दिवशी मुलांकडूनच गोष्ट सांगून घ्या. पहिल्या अध्यायात तीन मृत्यू आहेत. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर तो भाग लपवू नका, एका वाक्यात सांगा आणि मुलाने विचारलं तर थांबा. तिसऱ्या अध्यायातली खळ्यावरची रात्र लहानांना एवढीच सांगावी: रूथने बवाजाकडे, म्हणजे शेताच्या मालकाकडे, आसरा मागितला, त्याने शब्द दिला आणि सहा मापं सातू देऊन तिला घरी पाठवलं.

दुसऱ्या अध्यायाच्या आठवड्यात सरवा (कापणीनंतर शेतात मागे राहिलेलं धान्य) वेचण्याचा खेळ खेळा. सतरंजीवर भुईमुगाच्या न फोडलेल्या शेंगा पसरा. आईने “कापणी” करत पुढे जायचं आणि मुद्दाम थोड्या मागे टाकायच्या, बवाजाने गड्यांना सांगितलं होतं तशा. मुलांनी मागून वेचायच्या. सुटे दाणे किंवा फुटाणे पसरू नका, लहान मूल ते तोंडात घालतं आणि घशात अडकतात. खेळानंतर शेंगा तुम्हीच सोला, अगदी लहानांना दाणे द्यायचे तर कुटूनच. वेचलेल्यांतला थोडा वाटा आजीसाठी किंवा शेजारच्या काकूंसाठी बाजूला काढायला लावा, कारण रूथनेही पोटभर खाऊन उरलेलं नामीसाठी नेलं होतं. मुलांच्या ध्यानात हा वाटा सगळ्यात जास्त राहतो.

त्याच आठवड्यात सातूचं पीठ करा. 2 वाट्या सोललेले जव, 1 वाटी गहू, 1 वाटी फुटाण्याचं डाळं, 1 चमचा जिरे, पाव चमचा सुंठपूड. गव्हाला पाण्याचा हबका मारून अर्धा तास झाकून ठेवा, मग सावलीत फडक्यावर कोरडा करा. गहू आणि जव वेगवेगळे भाजा, एकत्र टाकले तर एक करपतं आणि दुसरं कच्चं राहतं. मंद आचेवर दहा ते पंधरा मिनिटांत खमंग वास येतो आणि दाणा दाताखाली कुरकुरीत लागतो. डाळं आणि जिरे नुसते गरम करा. मग तासभर पूर्ण गार होऊ द्या. गरम दळलं तर वाफ धरते, गुठळ्या होतात आणि पीठ लवकर खवट होतं. बारीक दळून चाळा, कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

निवडणं, हबका मारणं, चाळणं ही मुलांची कामं. कढईजवळ त्यांना येऊ देऊ नका. प्यायला देताना 2 मोठे चमचे पीठ आणि 1 मोठा चमचा किसलेला गूळ थोड्याच पाण्यात आधी कालवा, मग कपभर होईपर्यंत पातळ करा. भरल्या पेल्यात पीठ टाकलं तर गोळे सुटत नाहीत.

पन्नासावा दिवस

पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) पहिला दिवस धरला तर पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण, येतो. तो 10 मेच्या आधी आणि 13 जूननंतर कधीच येत नाही, म्हणजे आपल्याकडे बहुधा सुट्टीतच. 2026 मध्ये तो 24 मे रोजी आहे, 2027 मध्ये 16 मे रोजी. नाताळाची जेवढी तयारी होते तिच्या चौथाईही या सणाची घरात होत नाही, हे खटकतं. मुलांना हा सण चटकन कळतो, कारण त्यात वारा आहे, अग्नी आहे आणि अनेक भाषा आहेत.

आदल्या शनिवारी भिरभिरं करा. चित्रकलेच्या वहीचा कागद 15 सेंमी चौरस कापा. चारही कोपऱ्यांतून मध्याकडे 8 सेंमी चीर द्या, त्याहून जास्त नको, मध्य फाटतो. एक सोडून एक टोक मध्यावर आणा, टाचणी आरपार घाला, कागद आणि काडी यांच्यामध्ये एक मणी ओवा. मणी विसरलात तर कागद काडीला घासतो आणि भिरभिरं फिरत नाही. जाड पुठ्ठा वाऱ्याने हलत नाही. टाचणी आईनेच लावावी आणि मागचं टोक वाकवून त्यावर चिकटपट्टी लावावी. संध्याकाळी बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, दुसरा अध्याय, पहिली चार वचनं वाचा. घरात मराठी, हिंदी, कोकणी, इंग्रजी अशा जितक्या भाषा येत असतील तितक्यांत “प्रभू येशू, तुझे उपकार मानतो” म्हणा.

व्हीबीएस, रविवार, आजोळ

चर्चमध्ये सुट्टीतली बायबल शाळा (व्हीबीएस) असेल त्या दिवसांत घरची गोष्ट थांबवा आणि संध्याकाळी तिथलाच धडा घ्या. दोन गोष्टी एकदम चालल्या की मुलं दोन्ही मिसळतात. बाटली, टोपी, रुमाल यांवर नाव लिहा. चार वर्षांखालच्या मुलाला एकटं सोडू नका, त्याच्याबरोबर बसता येत नसेल तर पुढच्या वर्षी पाठवा. तिथली हातवाऱ्यांची गाणी पुढच्या आठवड्यात घरच्या प्रार्थनेत घेतली नाहीत तर ती विसरली जातात.

रविवारच्या उपासनेला सुती कपडे, पाण्याची बाटली, आणि जागा दाराजवळ, पंख्याखाली. संदेशाच्या वेळी मूल अस्वस्थ झालं तर बाहेर सावलीत पाच मिनिटं फिरवून परत आणा. अर्पणाचं नाणं घरून निघताना नको, अर्पणगीत सुरू झालं की हातात द्या.

आजोळी नातेवाईक इतर धर्मांचे असतील तर निघण्याआधी मुलांशी बोला. जेवणाआधी आपण मनात उपकार मानायचे, मामीला थांबवून ठेवायचं नाही. त्यांच्या घरी पूजा असेल तर टिंगल नाही, नाक मुरडणं नाही. सहभागी व्हायचं की नाही हे आईबाबांनी आधीच ठरवून मुलांना सांगावं. पाहुणचार घेता घेता यजमानांसमोर मुलाला बाजूला ओढणं सगळ्यांनाच लागतं. रात्री झोपताना अंथरुणातच स्तोत्राचं वचन आणि प्रभूची प्रार्थना, तिथे एवढंच पुरे.

शेवटचा आठवडा

शाळा सुरू होण्याआधी आठ दिवस झोपेची वेळ रोज दहा-पंधरा मिनिटांनी अलीकडे घ्या, आणि प्रार्थना व जेवणही त्याच मापाने अलीकडे ओढा. तिन्ही एकत्र सरकली नाहीत तर प्रार्थनाच गळते. शाळेच्या दिवसांसाठी दहाची सात मिनिटं करायची असतील तर गीत कमी करा, मुलांची एकेका वाक्याची प्रार्थना मात्र कमी करू नका.